वालुकाश्मातलं तांबं आणि युद्धाची घाई: बोअर मारून साठा मोजतात कसा?

तांबं पुन्हा बातम्यांत आहे. अमेरिकेने ऑगस्ट २०२५ पासून तांब्याच्या अर्धतयार मालावर ५० टक्के आयातकर लावला. भारताने २०२३ मध्ये ३० महत्त्वाच्या खनिजांची यादी केली तेव्हा तांबं तिच्यात होतं, आणि जानेवारी २०२५ मध्ये या खनिजांसाठी राष्ट्रीय अभियान मंजूर झालं. तेव्हापासून 'अमुक ठिकाणी तांब्याचा साठा सापडला, ड्रिलिंग सुरू' अशा बातम्या वरचेवर येतात. मग वर्ष जातं, दोन वर्षं जातात, खाण काही निघत नाही. लोक विचारतात: साठा सापडला होता ना? मग अडलं कुठे?

बोअरमधून नक्की काय कळतं आणि काय कळत नाही, हे समजलं की या प्रश्नाचं उत्तर मिळतं. त्यासाठी दुसऱ्या महायुद्धातली अमेरिका पाहण्यासारखी आहे. तिथे सरकारला तांबं हवं होतं आणि तेही लगेच. युटा, कोलोरॅडो, न्यू मेक्सिको, ॲरिझोना या कोरड्या प्रदेशांत वालुकाश्मात, म्हणजे वाळू घट्ट होऊन बनलेल्या दगडात, जागोजागी हिरवं-निळं तांबं उघड्यावर दिसत होतं. त्यातलं खरं किती आणि दिसण्यापुरतं किती, एवढं ठरवायचं होतं.

## युद्धाला एवढं तांबं कशाला लागतं?

बंदुकीच्या काडतुसाचं कवच पितळेचं असतं आणि त्या पितळेत ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त असतं. तोफगोळ्याला नळीत फिरकी मिळावी म्हणून त्याच्याभोवती तांब्याचं कडं बसवतात. जहाजं, विमानं, रेडिओ, टेलिफोनच्या तारा, मोटारींची गुंडाळणी हे सगळं वेगळंच.

टंचाई किती होती हे नाण्यांवरून दिसतं. अमेरिकेने १९४३ मध्ये एक सेंटचं नाणं जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचं काढलं. त्याच वर्षी ब्रिटिश भारतात मधोमध मोठं छिद्र असलेला भोकाचा पैसा आला, तोही धातू वाचवण्यासाठीच. अणुबॉम्बसाठी ओक रिज या अमेरिकी केंद्रात युरेनियम वेगळं करणाऱ्या विद्युतचुंबकांना तांब्याची तार मिळेना, तेव्हा अमेरिकी खजिन्यातून १३ हजार टनांहून अधिक चांदी उसनी आणून तिची वेटोळी केली.

गंमत म्हणजे १९३९ च्या कायद्याने सरकारी भूवैज्ञानिकांना शोधासाठी पैसा दिला तेव्हा पहिल्या यादीत अँटिमनी, क्रोमियम, मँगनीज, पारा, निकेल, कथील आणि टंगस्टन ही सातच नावं होती. तांबं देशात पुरेसं आहे असा समज होता. युद्धाच्या मागणीने तो टिकला नाही. फेब्रुवारी १९४२ पासून तांब्याचा कमाल भाव पौंडाला १२ सेंट ठेवून, ठरलेल्या कोट्यापेक्षा जास्त काढलेल्या तांब्यावर ५ सेंट जादा द्यायला सुरुवात झाली. ऑक्टोबर १९४२ मध्ये सोन्याच्या खाणी बंद करण्याचा हुकूम निघाला, तिथले कामगार तांब्याकडे वळावेत म्हणून. साधारणपणे भूगर्भ सर्वेक्षण खातं नकाशा करून बोअरच्या जागा सुचवायचं आणि ब्युरो ऑफ माइन्स हे सरकारी खाणखातं चर खणणं, बोअर मारणं, नमुने तपासणं ही कामं करायचं.

## वाळूच्या दगडात तांबं येतं कुठून?

या वालुकाश्मांचे थर बहुधा लाल असतात, कारण वाळूच्या कणांवर लोहाच्या गंजाचा पातळ थर असतो. अशा थरांतून खारं, ऑक्सिजनयुक्त पाणी झिरपत असताना ते वाटेतलं थोडं थोडं तांबं विरघळवून सोबत नेतं. पुढे त्या पाण्याला उलट्या स्वभावाचं काही भेटतं: गाडली गेलेली झाडांची खोडं, पालापाचोळा, पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज), खालून वर आलेला हायड्रोजन सल्फाइड वायू. तिथे तांबं गंधकाशी जोडलं जाऊन खाली बसतं. तयार होतं ते मुख्यतः चाल्कोसाइट, करड्या-काळ्या रंगाचं खनिज. त्यात वजनाने जवळजवळ ८० टक्के तांबं असतं. न्यू मेक्सिकोत झाडाचं खोड जसंच्या तसं चाल्कोसाइट झालेलं सापडतं, लाकडाचे तंतूही त्यात दिसतात.

म्हणून बोअरची नोंद करणारा माणूस आधी रंग लिहितो. लाल दगड म्हणजे बहुतेक रिकामा. लाल संपून पांढुरका किंवा करडा-हिरवा दगड लागला आणि त्यात कोळशाचे काळे धागे दिसले की तिथून पुढे प्रत्येक इंच जपून काढायचा.

पृष्ठभागाजवळ हवा-पाण्याने चाल्कोसाइट बदलतं. त्याचं हिरवं मॅलाकाइट किंवा निळं ॲझुराइट होतं. डोंगराच्या कड्यावर दिसतात ते हेच रंग.

## हिरवा दगड दिसतोय, मग सरळ खणायचं ना?

सगळ्यात मोठी फसगत इथे होते. मॅलाकाइटमध्ये तांबं साडेसत्तावन्न टक्के असतं. दगडात मॅलाकाइट वजनाने १ टक्का असेल तर तांबं ०.५७ टक्के. पण तेवढं मॅलाकाइट वाळूच्या कणांवर पातळ पसरलं की अख्खा दगड हिरवागार दिसतो. नजरेने टक्का सांगणारा माणूस बहुतेक वेळा जास्त सांगतो, आणि अनुभवी माणूसही याला अपवाद नसतो.

दुसरी अडचण अशी की पावसाचं पाणी तांबं विरघळवून खाली-बाजूला नेतं आणि कड्याच्या तोंडाशी, जिथे पाणी सुकतं, तिथे परत बसवतं. म्हणजे कड्यावरचा नमुना आतल्या दगडापेक्षा भरलेला असू शकतो. उलटही घडतं: तोंडावरचं धुऊन गेलेलं असतं आणि आत बरं असतं. यातलं काय खरं, हे चर खणून कळत नाही. कड्याच्या मागे, हवामानाचा परिणाम संपतो तिथपर्यंत जाऊन वरून बोअर मारावी लागते.

जागेवरची चाचणी साधी आहे. चिमूटभर दगड कुटून त्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकायचे. मॅलाकाइट असेल तर फसफसतं आणि पाणी हिरवं होतं. त्यात घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा बुडवला की थोड्या वेळात खिळ्यावर तांबूस थर चढतो. चाल्कोसाइट मात्र या आम्लाला दाद देत नाही, त्याला नायट्रिक आम्ल लागतं. पण खिळा तांबडा झाला म्हणजे तांबं आहे एवढंच ठरतं. किती आहे ते प्रयोगशाळा सांगते.

## बोअर मारायची दोन यंत्रं

त्या काळी दोन पद्धती होत्या. पहिली दोरीच्या यंत्राची. पोलादी दोराला जड छिन्नी बांधून ती वर उचलायची आणि सोडायची. दगडाचा चुरा होतो, भोकात थोडं पाणी असतं, त्याचा चिखल बनतो. दर पाच फुटांनी छिन्नी बाहेर काढून झडपेची लांब बादली आत सोडायची आणि चिखल उपसायचा. सहा इंची भोकात पाच फुटांमागे सुमारे ६५ किलो दगड निघतो. तो सगळा वाळवून, खाचांच्या पेटीतून अर्धा-अर्धा करत, चांगला मिसळलेला काही किलोंचा नमुना काढतात. यंत्र स्वस्त, पाणी कमी लागतं. दोष असा की वरच्या भिंतीतला हिरवा दगड ढासळून खाली पडला तर खालच्या रिकाम्या थरातही तांबं दिसू लागतं. त्यासाठी केसिंग, म्हणजे लोखंडी नळी, सारखी खाली सरकवत राहावं लागतं. शिवाय ही बोअर उभीच मारता येते.

दुसरी पद्धत हिऱ्याच्या ड्रिलची. पोकळ नळीच्या टोकाला हिरे बसवलेलं कडं असतं. ते गोल फिरत दगड कापतं आणि मधला दगडाचा दांडा नळीत चढत जातो. त्याला गाभा म्हणतात. नळीतून पाणी आत सोडतात. ते कडं थंड ठेवतं आणि कापलेला बारीक गाळ भोकाच्या भिंतीलगत वर आणतं. या ड्रिलने तिरपी बोअरही मारता येते, आणि याचा उपयोग मोठा आहे. युटातल्या लिस्बन व्हॅलीसारख्या ठिकाणी तांबं भूभ्रंशालगतच्या, म्हणजे थर तुटून सरकले त्या रेषेजवळच्या, उभ्या भेगांत येतं. उभी बोअर दोन उभ्या भेगांच्या मधून निघून जाते आणि अहवालात 'काही नाही' लागतं. किंवा ती नेमकी भेगेतूनच खाली उतरते, आणि हातभर जाडीची भेग कागदावर दहा मीटर जाडीचा साठा होऊन बसते.

हिरे हेही युद्धसामग्रीच होते. पूर्वी ब्राझीलचे काळे हिरे कारागीर एक-एक करून कड्यात बसवायचे. चाळीसच्या दशकापर्यंत बेल्जियन काँगोमधले हलक्या प्रतीचे बारीक हिरे धातूच्या भुकटीत पक्के केलेली कडी वापरात आली. ठिसूळ वालुकाश्म या कड्यांचा वैरी. क्वार्ट्झचे सुटे कण हिऱ्यांभोवतीचा धातू खरवडतात आणि हिरे झिजायच्या आधीच गळून पडतात. एक हिरा भोकात गळला की तो पुढचं नवीन कडंही फोडतो. म्हणून कडं बाहेर आलं की हिरे मोजायचे, आणि कमी भरले तर आधी तो हिरा बाहेर काढायचा, मगच पुढे जायचं.

## गाभा हरवतो, आणि नेमकं तांबंच हरवतं

या विषयाचं मर्म इथे आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

खनिजांची कठिणता १ ते १० अशी मोजतात. वाळूच्या कणांतल्या क्वार्ट्झची ७. मॅलाकाइट आणि ॲझुराइटची साडेतीन ते चार. चाल्कोसाइटची अडीच ते तीन, आणि ते ठिसूळ. वालुकाश्मात वाळूचे कण टणक आणि त्यांना धरून ठेवणारं तांब्याचं खनिज मऊ, अशी स्थिती असते. पाण्याचा झोत आणि नळीचं घासणं या दोन्हींनी मऊ भाग आधी जातो. रिकामा, सिलिकाने घट्ट झालेला वालुकाश्म सलग दांडा होऊन हाती येतो. भरलेला थर वाळू होऊन वाहून जातो. पाच फूट बोअर मारली आणि अडीच फूट गाभा आला, तर हरवलेला अर्धा भाग बहुधा चांगला होता. फक्त गाभ्यावरून टक्का काढला तर साठा आहे त्याहून गरीब ठरतो.

उपाय म्हणून दुहेरी नळी वापरतात. बाहेरची फिरते, आतली स्थिर राहते, त्यामुळे गाभ्याला घासणं कमी बसतं. पाण्याचा दाब कमी ठेवायचा, एका दमात पाच फुटांऐवजी दोनच फूट जायचं, आणि भोकाचा व्यास मोठा घ्यायचा. जाड गाभा तुटत कमी, टिकत जास्त. पण मोठ्या व्यासाला हिरे जास्त, पाणी जास्त, वेळ जास्त. युद्धात या तिन्हींचा तुटवडा.

गाभा नळीत अडकला तर फार लवकर कळायला हवं. तुटलेला तुकडा तिरका बसतो, नळीचं तोंड बंद होतं, आणि त्यानंतर खालचा दगड नळीत न चढता हिऱ्यांच्या कड्याखाली दळला जातो. पंपाचा दाब एकदम वाढतो आणि उतरण्याचा वेग मंदावतो, ही खूण. त्या क्षणी थांबून सगळे रॉड, म्हणजे एकाला एक जोडलेल्या पोलादी नळ्या, बाहेर काढायला हवेत. दोरावरून फक्त आतली नळी ओढून घ्यायची सोय पन्नासच्या दशकात आली. त्याआधी शंभर मीटर खोलीवरून प्रत्येक वेळी अख्खी रॉडची माळ वर ओढून सोडवावी लागे. थकलेला गडी 'अजून फूटभर जाऊ' म्हणतो, आणि तोच फूट कायमचा जातो.

म्हणून परत येणारा गाळही गोळा करतात. भोकाच्या तोंडाशी पेटी ठेवून पाणी आडव्या फळ्यांमधून संथ वाहू देतात, गाळ खाली बसतो. पेटी लहान असली तर मॅलाकाइटची सगळ्यात बारीक पूड पाण्याबरोबर निसटते आणि तांबं पुन्हा कमी दिसतं. उलट, वरचा भरलेला थर भिंतीतून खरवडला गेला तर गाळात तांबं जास्त दिसतं.

मग खरं काय मानायचं? हिशेब असा. समजा भोकाचा व्यास ४८ मिलिमीटर आणि गाभ्याचा २९. गाभा पूर्ण आला तर त्याच्याकडे भोकातल्या दगडाचा साधारण ३६ टक्के भाग असतो, बाकीचा गाळात. गाभा अर्धाच आला तर तो १८ टक्के आणि गाळ ८२ टक्के. गाभ्यात तांबं ०.८ टक्के आणि गाळात १.४ टक्के निघालं, तर एकत्र आकडा येतो सुमारे १.२९ टक्के. नुसता गाभा धरणारा ०.८ सांगेल. दोन आकड्यांची सरळ सरासरी काढणारा १.१ सांगेल. खाण चालेल की नाही, हे याच फरकावर ठरू शकतं. अर्थात गाळ शुद्ध असेल तरच या हिशेबाला अर्थ आहे, म्हणून भरलेला थर ओलांडला की केसिंग उतरवून मगच पुढे जायचं.

आणि पाणीच परत आलं नाही तर? सच्छिद्र, भेगाळलेल्या वालुकाश्मात हे नेहमीचं. पंप चालू असतो, भोकाच्या तोंडाशी थेंब येत नाही, गाळ सगळा भेगांत जातो. पठारावर तर पाणी ट्रकने लांबून आणलेलं असायचं. मग बेंटोनाइट ही पाण्यात फुगणारी माती, लाकडाचा भुसा आत घालून भेग बुजवायची. त्याने भागलं नाही तर सिमेंट ओतून ते घट्ट होईपर्यंत थांबायचं, आणि त्याच सिमेंटमधून पुन्हा भोक पाडायचं. त्या टप्प्यातल्या गाळाचा नमुना टाकून द्यायचा, कारण त्यात सिमेंट असतं.

## बोअर किती अंतरावर मारायच्या?

नदीच्या जुन्या पात्रात साचलेली वाळू आणि तिच्यात अडकलेली झाडं, म्हणजे तांबंही त्या पात्राच्या वळणांनीच जाणार. मध्ये तुटणार, कुठे फुगणार, कुठे संपणार. शिऱ्याच्या पातेल्यात डोळे मिटून चमचा घातला आणि तीन बेदाणे आले, म्हणून सगळं पातेलं बेदाण्यांनी भरलेलं नसतं. एकही आला नाही म्हणून शिरा बिनबेदाण्याचाही ठरत नाही.

प्रमाण पाहा. बोअर ६० मीटरच्या चौकोनी जाळ्यात मारल्या तर प्रत्येक बोअर ३,६०० चौरस मीटरचं प्रतिनिधित्व करते. थर दोन मीटर जाड असेल तर १७ हजार टनांहून अधिक दगड. त्या दोन मीटरमधला २९ मिलिमीटरचा गाभा भरतो सव्वातीन किलोच्या आत. तो छिन्नीने उभा चिरून अर्धा पेटीत जपून ठेवतात, अर्धा तपासणीला जातो. म्हणजे १७ हजार टनांचा निवाडा दीड किलो दगडावर.

म्हणून शहाणी पद्धत पायरीपायरीची. आधी कड्यामागे काही उथळ बोअर, लांब अंतरावर. जिथे करडा दगड आणि कोळशाचे धागे लागले तिथून पात्राची दिशा ओळखायची. मग त्या दिशेला आडव्या रांगा, आणि दोन बोअरमधला टक्का एकमेकांशी जुळेपर्यंत अंतर निम्मं करत जायचं. दोन भरलेल्या बोअरमध्ये एक रिकामी निघाली तर ती फुकट गेली असं नाही. साठ्याची कड तिनेच दाखवली.

## टन मोजल्यावर हाती काय उरतं?

समजा भाग्य उजळलं. १०० मीटर लांब, ६० मीटर रुंद, २ मीटर जाड असा सलग तुकडा सिद्ध झाला. १२ हजार घनमीटर. घनमीटरला २.४ टन धरले तर २८,८०० टन दगड. तांबं १.२ टक्के, म्हणजे साधारण ३४५ टन. त्यातलं ७५ टक्के हाती आलं तर सुमारे २५९ टन. युद्धाच्या शिखरावर अमेरिकेच्या खाणी वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास तांबं काढत होत्या. त्या वेगाने २५९ टन म्हणजे देशाचं सव्वादोन तासांचं उत्पादन.

आणि ते बाहेर काढायचं कसं? मॅलाकाइट नेहमीच्या फेसाच्या पद्धतीत, जिथे खनिजाची पूड बुडबुड्यांना चिकटवून वर आणतात, नीट तरंगत नाही. त्याला आधी सोडियम सल्फाइडची प्रक्रिया लागते. चाल्कोसाइट सहज तरंगतं. म्हणून तपासणीत एकूण तांबं आणि आम्लात विरघळणारं तांबं असे दोन आकडे वेगळे मागायचे. एकच आकडा असलेला अहवाल अर्धा समजावा.

दुसरी वाट गंधकाम्लाने तांबं विरघळवून भंगार लोखंडावर बसवण्याची. इथे वालुकाश्मातला चुना आडवा येतो. दगडात कॅल्साइट ५ टक्के असेल तर टनामागे ४९ किलो आम्ल तोच खातो. १.२ टक्के तांबं मॅलाकाइटच्या रूपात असेल तर त्याला लागतं साडेअठरा किलो. म्हणजे आम्लाचा मोठा वाटा चुन्यावर जातो, आणि युद्धात गंधकाम्ल स्फोटकांनाही हवं होतं. भंगारही लागतंच: कागदावर किलोभर तांब्यामागे ०.८८ किलो लोखंड, प्रत्यक्षात त्याहून बरंच जास्त. पोलाद कारखाने तेच भंगार मागत होते. पश्चिमेकडच्या काही तांब्याच्या खाणींना त्या वेळी डब्यांचे फाडलेले पत्रे पाठवले जात, ते याच कामासाठी.

छोट्या साठ्यांना एक आधार मात्र होता. तांबं वितळवणाऱ्या भट्टीत लोह बाजूला काढायला सिलिका घालावीच लागते. वालुकाश्म म्हणजे सिलिकाच. मग रिकामी वाळू घालण्याऐवजी एक-दोन टक्के तांबं असलेला वालुकाश्म घातला तर दोन्ही कामं होतात. भट्टी जवळ असेल आणि ट्रकचा रस्ता असेल, तर काही हजार टनांचा साठाही चालून जाई.

## युद्ध चालू असताना खर्च कसला बघायचा?

हा आक्षेप रास्त वाटतो, पण यात एक गोष्ट सुटते. युद्धात पैसा छापता येतो. ड्रिल, हिरे, ट्रकचे टायर, पंप आणि ते चालवणारी माणसं छापता येत नाहीत. एका छोट्या साठ्यावर महिनाभर अडकलेलं ड्रिल मोठ्या खाणीच्या विस्तारासाठी मिळत नाही. म्हणून घाईघाईने 'आहे' म्हणण्यापेक्षा लवकर आणि खात्रीने 'नाही' म्हणणं जास्त मोलाचं होतं. युद्धकाळातल्या या कामाचं यश फक्त सापडलेल्या टनांत मोजणं अन्यायाचं आहे. दहा बोअर मारून एक हिरवा डोंगर यादीतून काढून टाकणं, हेही देशाचं तांबं वाचवणंच होतं.

'खाण निघेपर्यंत युद्ध संपतं, मग शोधायचं कशाला' असंही विचारतात. मोठ्या खाणीच्या बाबतीत ते खरं आहे. मिशिगनमधल्या व्हाइट पाइनला वालुकाश्माच्या माथ्यावरच्या पातळ शेल थरात (शेल म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेला दगड) तांबं आहे हे पहिल्या महायुद्धाच्या काळापासून माहीत होतं. पण मोठी खाण उभी राहिली कोरियन युद्धाच्या वेळी मिळालेल्या सरकारी कर्जावर, १९५३ च्या सुमारास. बोअरच्या नोंदी तयार होत्या म्हणूनच तेव्हा कर्ज देणाऱ्याला आकडे दाखवता आले.

## वालुकाश्मातलं तांबं नेहमी छोटंच असतं का?

नाही, आणि म्हणूनच ही आशा वेडी नव्हती. उत्तर ऱ्होडेशियातल्या, आताच्या झांबियातल्या, मुफुलिराचं तांबं मुख्यतः वालुकाश्मी थरांत आहे. युद्धात ब्रिटनला त्या पट्ट्याचा मोठा आधार होता. कझाकस्तानातल्या झेझकाझगानला क्रांतीपूर्वी ब्रिटिश कंपनीचा ताबा होता. तिथे कनिश सातपायेव्ह यांनी १९२९ पासून चिकाटीने बोअर मारून दाखवलं की करड्या वालुकाश्माचे तांबं असलेले अनेक थर एकाखाली एक आहेत. १९४२ मध्ये त्यांना या कामासाठी स्टालिन पारितोषिक मिळालं. युद्धानंतर तिथे कैद्यांना राबवलं गेलं, हेही त्या तांब्याच्या इतिहासात आहे.

पोलंडमधलं लुबिन याहून बोलकं. त्या प्रदेशाच्या दक्षिणेकडच्या उथळ थरांवर जर्मनांनी युद्धापूर्वी आणि युद्धात काम केलं होतं. उत्तरेला तोच थर खूप खाली जातो. यान विझिकोव्स्की यांच्या चमूने १९५७ मध्ये ६०० मीटरहून खोल बोअर मारली तेव्हा तिथे तांबं लागलं, आणि त्यातलं बरंचसं शेलखालच्या फिकट वालुकाश्मात होतं. युरोपातला सर्वात मोठा तांब्याचा पट्टा त्यातून उभा राहिला. पृष्ठभागावर हिरवा ठिपकाही नव्हता.

## रिकाम्या बोअरचा गाभा का ठेवायचा?

कारण आज शोधतो त्यापेक्षा वेगळी गोष्ट उद्या हवी असते. युटातल्या व्हाइट कॅनियनमधलं हॅपी जॅक हे आधी वालुकाश्मातल्या तांब्याचं ठिकाण म्हणून माहीत होतं. युद्धानंतर युरेनियमची मागणी आली आणि तीच जागा युरेनियमची महत्त्वाची खाण ठरली. झाडांच्या अवशेषांपाशी तांबं बसतं, तसंच युरेनियमही. गाभा फेकून दिला तर पुन्हा बोअर मारावी लागते. पेटीत राहिला तर नुसतं किरणोत्सार मोजणारं उपकरण फिरवलं तरी कळतं.

## आजची बातमी वाचताना

यंत्रं आता बदलली. दोरावरून आतली नळी काढता येते, हातात धरायचं क्ष-किरण उपकरण गाभ्यावर लावलं की क्षणात आकडा दाखवतं. ठिसूळ वालुकाश्मातून मऊ खनिज धुऊन जाणं मात्र तसंच आहे. म्हणून '१२ मीटरमध्ये १.५ टक्के तांबं' असं वाचलं की विचारा: गाभा किती टक्के हाती आला? बारा मीटर ही बोअरच्या दिशेने मोजलेली लांबी की थराची खरी जाडी? थर ३० अंशांनी कललेला असेल तर उभ्या बोअरमधले १२ मीटर म्हणजे खरे साडेदहाच्या आत, आणि ६० अंशांनी असेल तर फक्त ६. आम्लात विरघळणारं तांबं किती? पुढची बोअर किती दूर?

भारतात ब्लॉकला, म्हणजे शोधासाठी आखलेल्या जमिनीच्या तुकड्याला, जी-४, जी-३, जी-२, जी-१ अशा पायऱ्या आहेत. जी-४ म्हणजे प्राथमिक टेहळणी: नकाशा, पृष्ठभागावरचे नमुने, फार तर मोजक्या बोअर. जी-१ म्हणजे दाट जाळं आणि सविस्तर मोजणी. बातमीत जी-४ लिहिलं असेल तर ती जागा अजून हिरव्या दगडाच्या टप्प्यावर आहे. तिथून जी-१ पर्यंत पोचताना बरेच ब्लॉक गळतात, आणि ते गळावेत म्हणूनच बोअर मारतात.